उणे एकतीस

आई चौकात फोटो काढते, मी बाजारात फोन दुरुस्त करतो.
एका घरात दोन धंदे, एकमेकांच्या मुळावर उठलेले,
आणि रात्री एकाच पातेल्यातला मेंढीचा रस्सा.

तिचा झेनिट माझ्याहून सहा वर्षांनी मोठा.
कातडी कव्हर कोपऱ्यात उसवलं
तिथं बाबांनी बुटाच्या दोऱ्यानं टाके घातलेत.

पूर्वी उलानबातारला आलेलं माणूस
घोड्यावरच्या पुतळ्यासमोर तिच्यापुढे उभं राहायचंच :
पदकं लावलेले म्हातारे, नवरा-नवरी,
पहिल्यांदाच शहर पाहणारी, तोंड उघडं राहिलेली पोरं.
"हलू नका," ती म्हणायची.
माणसं श्वाससुद्धा धरून ठेवायची.
मग ती पत्ता लिहून घ्यायची. तीन आठवड्यांनी पाकीट
बरोब्बर पोचायचं अशा जागी, जिथं पत्ता म्हणजे
'नदीच्या वळणावर, दुसरा तंबू, कुत्रं काळं'.

आता लोक तिच्याच हातात फोन देतात :
"बाई, आमचा सगळ्यांचा एक काढता?"
ती काढते. फुकट. हातमोजा दातांनी ओढून.

मी समजावतो, आई, हा एका क्षणात नऊ फोटो घेतो,
त्यातलं चांगलं चांगलं निवडून एक करतो,
अंधार उजळतो, चेहरा नितळ करतो.
तिनं गोम्बोसुरेनचा फोटो पडद्यावर मोठा केला.
"याच्या गालावर हिवाचा डाग होता. कुठाय?
त्या डागात त्याच्या चारशे मेंढ्या होत्या."

मला उत्तर सुचलं नाही.
मी चार्जर शोधायला लागलो.

मग त्सगान सारचा दुसरा दिवस. उणे एकतीस.
चौकात नव्या कपड्यांतली गर्दी, आणि एकामागून एक
फोन मान टाकू लागले.
ऐंशी टक्के होते हो, आत्ता होते, म्हणेपर्यंत काळेठिक्कर.
गोम्बोसुरेनचं कुटुंबही तिथंच. मधे खुर्चीवर त्याची आई,
एक्क्याण्णव वर्षांची, निळ्या रेशमात,
दोनशे किलोमीटर जीपमध्ये हाडं मोजत आलेली.
सगळे मेलेल्या फोनवर फुंकर घालत होते.

आईनं कोटाच्या आतून झेनिट काढला.
त्याला बॅटरीच नाही, मरणार काय?
फिल्म मात्र थंडीत काडीसारखी मोडते,
म्हणून तिनं ती अशी सरकवली,
जशी झोपलेल्या पोराच्या हातातून वाटी काढावी.
"हलू नका."
खट्.
एकच.

(दुसऱ्या दिवशी ते फोन माझ्याकडे रांगेत.
बिघाड काही नव्हता, ऊब हवी होती.
बगलेत धरून चालू करून दिले. पैसे घेतले नाहीत.
घेतले. अर्धे.)

इथं थांबलो तर आई जिंकली असं वाटेल.

पण बाबांचे तिनं काढलेले फोटो चार,
आणि चारही फोटोंत ते हलत नाहीत.
सांगितलेलं ऐकायची सवय होती त्यांना.
हलतात ते फक्त माझ्या जुन्या फोनमध्ये, अकरा सेकंद :
वाफेतून बूझ मोजतायत, सतराच्या पुढे चुकतात,
माझ्याकडे बघून हसतात.
पडद्याचा एक कोपरा माझ्या बोटानं खाल्लाय.

परवा रात्री उठलो तर स्वयंपाकघरात दिवा.
फोन चहाच्या डब्याला टेकवलेला,
समोर तिवईवर झेनिट.
सातव्या सेकंदावर बाबा थांबवलेले.
"हलू नका," ती पुटपुटली.
बराच वेळ ती नुसतीच वाकून बघत राहिली.
मग काय वाटलं कोण जाणे,
तिनं काचेवर बोट टेकवलं, बाबा हलले,
आणि तेव्हाच तिनं बटण दाबलं.

न्हाणीघरात दोरीवर तो फोटो वाळला.
वाफ, एक पुसट हसू, काठाला माझं बोट.
इतका बिघडलेला फोटो
तिनं आयुष्यात कुणाच्या हाती दिला नसता.

तिनं तो पाकिटात घातला,
पाकीट पालथं केलं
आणि सवयीनं माझ्याकडे पेन मागितलं.
पत्ता लिहायला.